कुत्र्याच्या कानातले माइट : थेंब घालूनही त्रास परत का येतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ महिन्यांचा कुत्रा दोन्ही कान सतत खाजवतो, डोकं झटकतो, कानात काळपट कोरडा मळ साचतो. औषधाच्या दुकानातून कानात घालायचे थेंब आणून आठवडाभर वापरले, फरक पडला, पण पंधरा-वीस दिवसांत सगळं पुन्हा सुरू झालं. घरात एक मांजर आहे, तिला काहीच त्रास दिसत नाही. आता कोणीतरी आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाचं इंजेक्शन सुचवलंय. ते द्यावं का, आणि घरातल्या मुलांना धोका आहे का?

आधी थेट उत्तर. तुम्ही वर्णन केलेला त्रास माइटचाच असण्याची शक्यता बरीच आहे. पण अजून कोणीही त्या कानात नीट डोकावून पाहिलेलं नाही, आणि ते व्हायच्या आधी कुठलंही पुढचं औषध नको. माइट निघालेच, तर थेंबांचा कालावधी अपुरा पडला आणि मांजर उपचाराबाहेर राहिली, म्हणून त्रास परतला. इंजेक्शन देऊ नका. त्यापेक्षा खूप सुरक्षित औषधं आज उपलब्ध आहेत. मुलांना धोका जवळजवळ नाही.

हा जीव म्हणजे ओटोडेक्टिस सायनोटिस. आठ पायांचा, पांढुरका, अर्धा मिलिमीटरसुद्धा लांबी नसलेला. खरजेचा माइट कातडीत बीळ करून राहतो. हा तसं करत नाही, कानाच्या नळीत कातडीच्या पृष्ठभागावरच फिरतो आणि तिथली मृत त्वचा आणि पाझरणारा द्रव यांवर जगतो. त्याच्या वावरण्याने आणि लाळेने कातडी चिडते, मेणाच्या ग्रंथी जास्त मेण सोडायला लागतात, आणि मेण, सुकलेलं रक्त, माइटची विष्ठा हे सगळं मिळून तो कॉफीच्या चोथ्यासारखा भुरभुरीत मळ तयार होतो. काही जनावरांना या लाळेची अ‍ॅलर्जी असते. त्यांच्या कानात चार-दोनच माइट असले तरी ती रक्त येईपर्यंत कान ओरबाडतात. उलट काहींच्या, विशेषतः मांजरांच्या, कानात शेकड्याने माइट असतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. म्हणून खाज किती आहे यावरून माइट किती आहेत, किंवा आहेत की नाहीत, हे ठरवता येत नाही.

ते ठरवायचं पाहून. पशुवैद्यक ओटोस्कोपमधून, म्हणजे कानात पाहायच्या दिवा लावलेल्या उपकरणातून, कानाच्या नळीत बघतो. दिव्याच्या उबेने माइट हलायला लागतात आणि काळ्या मळावर पांढरे ठिपके सरकताना दिसतात. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे कापसाच्या बोळ्यावर थोडा मळ घेऊन तो काचपट्टीवर खनिज तेलाच्या थेंबात मिसळायचा आणि सूक्ष्मदर्शकाच्या सर्वांत कमी क्षमतेच्या भिंगाखाली पाहायचा. माइट, त्यांची लांबट अंडी, सगळं स्पष्ट दिसतं. याला पाच मिनिटं लागतात. त्याच वेळी दुसऱ्या काचपट्टीवर मळ पसरून, रंगवून, त्यात यीस्ट आणि जिवाणू आहेत का हेही पाहायलाच हवं. ते का, हे पुढे सांगतो. तुमच्या पशुवैद्यकाने कानात न पाहता, मळ न तपासता थेंब लिहून दिले, तर नम्रपणे पण आग्रहाने तपासणी मागा. कानाच्या आजारात डोळे झाकून दिलेल्या औषधांमुळे जितकं नुकसान होतं तितकं माइटमुळे होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कारण काळा मळ म्हणजे माइट हे समीकरण कुत्र्यांत फसवं आहे. बाह्यकर्णदाहाच्या, म्हणजे कानाच्या बाहेरच्या नळीला सूज आलेल्या, रुग्णांत मांजरांमध्ये जवळपास निम्म्यांपर्यंत माइट हे कारण असतं. कुत्र्यांमध्ये ते प्रमाण साधारण 5 ते 10 टक्के धरलं जातं. पिल्लू किंवा वर्षाच्या आतला कुत्रा, दोन्ही कान, कोरडा मळ, घरात मांजर किंवा नुकताच बाहेरून आणलेला प्राणी, असं असेल तर माइटचा संशय बळावतो. तुमच्या कुत्र्याला हे सगळं लागू पडतं. पण तोच मळ तपकिरी, चिकट, आंबूस वासाचा असेल तर मॅलसेझिया नावाच्या यीस्टचा विचार आधी करावा. कान दुखण्याबरोबर कुत्रा पंजे चाटत असेल, काखा-पोट खाजवत असेल, दर काही महिन्यांनी हेच होत असेल, तर मुळाशी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता सर्वांत जास्त. प्रौढ कुत्र्यांच्या वारंवार बिघडणाऱ्या कानांमागे बहुतेकदा तीच निघते. एकाच कानात, एकाएकी, फिरून आल्याबरोबर डोकं झटकणं सुरू झालं तर गवताचं कुसळ आत गेलं असेल. आणि खाज कानाच्या पाळीच्या कडेवर, कोपरांवर जास्त असेल, तिथले केस गेले असतील, तर ती खरूज असू शकते, जिचे नियम वेगळे आहेत.

आता तुमचे थेंब का हरले ते पाहू. मादी कानाच्या कातडीवर अंडं चिकटवून ठेवते. साधारण चार दिवसांत त्यातून सहा पायांची अळी निघते, मग वाढीच्या आणखी दोन अवस्था, आणि अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत एकूण तीन आठवडे जातात. प्रौढ माइट पुढे साधारण दोन महिने जगतो. दुकानात मिळणारे बहुतेक थेंब फिरते माइट मारतात, अंड्यांना फारसा धक्का लावत नाहीत. त्यामुळे आठवडाभर थेंब घातले की प्रौढ मरतात, खाज थांबते, आपण बाटली ठेवून देतो. दरम्यान उरलेली अंडी फुटतात, त्यांची पुढची पिढी तीन आठवड्यांत अंडी घालायला तयार होते. तुमच्याकडे पंधरा-वीस दिवसांत त्रास परतला, हे याच हिशोबात बसतं. म्हणून उपचार कुठलाही असो, त्याचा परिणाम किमान तीन आठवडे, सुरक्षित अंतर ठेवून चार आठवडे, सलग टिकला पाहिजे.

यात आणखी एक गोष्ट आहे जी सहज सुटते. माइट फक्त कानातच राहतात असं नाही. ते डोक्यावर, मानेवर फिरतात. कुत्रा किंवा मांजर अंगाचं वेटोळं करून झोपते तेव्हा शेपूट कानाजवळ येते, म्हणून शेपटीच्या टोकाजवळही सापडतात. फक्त कानात औषध घातलं तर बाहेरचे माइट जिवंत राहतात आणि परत आत शिरतात. म्हणूनच मी आता सर्वांगाला पोचणाऱ्या औषधांना पहिली पसंती देतो.

सेलामेक्टिन हे त्यातलं सर्वांत जुनं आणि भरपूर वापरलं गेलेलं. मानेच्या मागे, खांद्यांच्या मध्ये, केस बाजूला करून थेट कातडीवर वजनानुसार एक ट्यूब. औषध कातडीतून रक्तात जातं आणि तिथून कानापर्यंत पोचतं. कुत्र्यांना सहा आठवड्यांच्या वयापासून, मांजरांना आठ आठवड्यांपासून चालतं. गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्यांमध्येही त्याची सुरक्षितता तपासलेली आहे. एक मात्रा बऱ्याचदा पुरते, पण मी महिन्याने दुसरी देतोच. मॉक्सिडेक्टिन आणि इमिडाक्लोप्रिड यांचं मिश्रण असलेली ट्यूबही तशीच काम करते. ती कुत्र्यांना सात आठवड्यांपासून. हिच्या बाबतीत एक काळजी कटाक्षाने घ्या: लावलेली जागा सुकेपर्यंत कुत्र्याला किंवा मांजरीला ती चाटू देऊ नका, कारण मॉक्सिडेक्टिन पोटात गेलं तर काही जातींत विषबाधा होते. तिसरा गट आयसोक्साझोलिनचा, म्हणजे अफोक्सोलानर, फ्लुरालानर, सारोलानर, लोटिलानर. गोचीड-पिसवांसाठी मिळणाऱ्या चघळायच्या गोळ्या त्या याच. कानातल्या माइटवर यांचा एका मात्रेत उत्तम परिणाम दिसतो, आणि कानाला हात लावू न देणाऱ्या कुत्र्यासाठी तर हे वरदान आहे. कोणत्या देशात कोणत्या उत्पादनाच्या वेष्टनावर माइटचा उल्लेख आहे ते वेगवेगळं असतं, त्यामुळे निवड डॉक्टरांवर सोडा. कुत्र्याला पूर्वी कधी झटका आला असेल तर मात्र हे आधी सांगा. या गटाच्या औषधांनी काही जनावरांत कंप आणि झटके येऊ शकतात, आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2018 मध्ये तशी सूचना जाहीर केली होती.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगून टाकतो. कुत्र्यासाठी असलेल्या काही ट्यूबमध्ये परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराचा त्याने जीव जातो. घरात मांजर असताना कुत्र्यालासुद्धा परमेथ्रिन लावू नका, कारण दोघं एकमेकांना चाटतात, एकत्र झोपतात. आणि कुत्र्याची ट्यूब अर्धी करून मांजरीला, हा प्रकार कधीही नको.

आता आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन. ते माइट मारतं, यात शंका नाही, आणि दुसरं काहीच हाताशी नव्हतं तेव्हा ते सर्रास वापरलं गेलं. पण गाई-मेंढ्यांसाठी बनवलेलं ते तीव्र द्रावण कुत्र्याला अंदाजाने टोचणं हा जुगार आहे. हृदयातील जंतांच्या प्रतिबंधासाठी कुत्र्याला महिन्याला किलोमागे 6 मायक्रोग्रॅम आयव्हरमेक्टिन दिलं जातं. माइटसाठी टोचायचे ते 200 ते 300 मायक्रोग्रॅम, म्हणजे किमान तीसपट. बहुतेक कुत्रे हे पचवतात. पण कॉली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांसारख्या मेंढपाळ जातींत एमडीआर1 या जनुकात दोष असतो. हे जनुक मेंदूच्या रक्तवाहिन्यांमध्ये पहारेकऱ्याचं काम करणारं प्रथिन बनवतं, जे अशी औषधं मेंदूत शिरताच परत बाहेर ढकलतं. तो दोष असलेल्या कुत्र्यात औषध मेंदूत साठत जातं. बाहुल्या विस्फारतात, लाळ गळते, चाल अडखळते, दिसेनासं होतं, आणि पुढे तो कोमात जातो. याला उतारा नाही, फक्त दिवसेंदिवस आधार देत राहणं हातात असतं. हा जनुकदोष 2001 मध्ये उघड झाला आणि आता त्याची तपासणी करून घेता येते. मिश्र जातीच्या कुत्र्यात बाहेरून पाहून तो आहे की नाही हे कळत नाही. शिवाय कुत्र्याच्या रक्तात हृदयजंतांच्या सूक्ष्म अळ्या असतील तर आयव्हरमेक्टिनने त्या एकदम मरून धक्का बसू शकतो. सेलामेक्टिन हाताशी असताना आठ महिन्यांच्या तुमच्या पिल्लाला या धोक्यात घालण्याचं मला एकही कारण दिसत नाही.

कान साफ करणं हे औषधाइतकंच गरजेचं आहे, पण ते पद्धतशीर हवं. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते, त्या वळणापलीकडे पडदा असतो. तुम्ही कानात इअरबड घातली की ती मळ वळणापर्यंत दाबून बसवते. बाहेर येतो तो थोडासा, आत ठासला जातो तो जास्त. म्हणून इअरबड वापरायचीच नाही. कुत्र्यांसाठी बनवलेलं कान धुण्याचं द्रावण कोमट करा, म्हणजे बाटली थोडा वेळ हातात किंवा कोमट पाण्यात धरा. पाळी वर उचलून नळी सरळ करा, ती भरेल इतकं द्रावण ओता. मग पाळीच्या मुळाशी, जबड्याच्या मागे, बोटांनी अर्धा मिनिट मळा. आत पचपच असा आवाज यायला हवा. तो आला म्हणजे द्रावण मळापर्यंत पोचलं. मग हात सोडून मागे सरका आणि कुत्र्याला डोकं झटकू द्या. ते झटकणं हीच खरी सफाई, तळातला मळ त्यानेच वर येतो. वर आलेला मळ बोटाला कापूस किंवा गॉझ गुंडाळून, बोट जाईल तेवढाच पुसा. थेंब घालायचे असतील तर कान कोरडा व्हायला थोडा वेळ द्या, नाहीतर औषध पातळ होतं. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा पुरे. रोज धुतलात तर कातडी ओली राहून मऊ पडते आणि यीस्टला मोकळं रान मिळतं.

हे सगळं करायचं ते पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांनी पाहिल्यानंतर. मळाखाली पडदा फाटलेला असेल तर साधं द्रावणही मधल्या कानात जातं. क्लोरहेक्सिडिनसारखी काही जंतुनाशकं आणि जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखी थेंबांतली अँटिबायोटिक्स तिथे पोचली तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. दुकानातून आणलेल्या थेंबांत अनेकदा हीच असतात. तुम्ही वापरलेली बाटली डॉक्टरांकडे घेऊन जा.

घरगुती उपायांबद्दल. खनिज तेल रोज कानात घातलं तर काही माइट गुदमरून मरतात, हे खरं आहे. पण ते महिनाभर चिकाटीने करावं लागतं, अंड्यांवर भरवसा नसतो, कान सतत तेलकट राहतो आणि बाहेर फिरणाऱ्या माइटना काहीच होत नाही. व्हिनेगर ओरबाडलेल्या कातडीवर आगीसारखं झोंबतं. हायड्रोजन पेरॉक्साइड फेस करून साफ केल्याचा आभास देतं, मागे ओलावा आणि चुरचुर ठेवतं. पिसवांसाठीचे अंगावर लावायचे थेंब थेट कानात ओतणंही नको, त्यात असलेलं अल्कोहोल आतल्या कातडीला जाळतं. माया म्हणून केलेल्या या गोष्टींनंतर कुत्रा कानाला हात लावू देत नाही, आणि पुढचा प्रत्येक उपचार अवघड होतो.

यीस्ट आणि जिवाणू पाहायला का सांगितलं? माइटनी सोलवटलेल्या कानात हे दोघं पाठोपाठ येतात. एकदा पू धरला की कानातलं वातावरण माइटना मानवत नाही आणि ते बऱ्याचदा निघून जातात. मग काचपट्टीवर माइट दिसत नाही, फक्त संसर्ग दिसतो. अशा वेळी तरुण कुत्रा आणि घरात मांजर असेल तर मी मांजरीचेही कान तपासतो आणि माइट दिसले नाहीत तरी माइटचं औषध देतो. त्यात तोटा नाही. उलट बाजूने, माइट मेले तरी यीस्ट उरलं तर खाज उरतेच, आणि मालकाला वाटतं औषध लागू पडलं नाही. त्यासाठी वेगळे थेंब लागतात, ते साधारण दोन आठवडे चालतात. खाज फारच असेल तर पहिले काही दिवस स्टिरॉइड दिलं की कुत्रा झोपतो आणि ओरबाडणं थांबतं.

ते थांबवणं का तातडीचं आहे तर सततच्या झटकण्याने पाळीतली रक्तवाहिनी फुटून पाळी रक्ताने फुगते. मऊ, गरम, उशीसारखी सूज दिसली तर ती सुईने घरी फोडू नका, दवाखान्यात न्या. तसंच डोकं एका बाजूला कललेलं, तोल जाणं, बुबुळं इकडून तिकडे सरकत राहणं, तोंड उघडताना कळवळणं, कानातून पू किंवा रक्त, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. तो मग बाहेरच्या कानाचा प्रश्न राहिलेला नसतो.

मांजर. तिला त्रास नाही म्हणून तिला सोडू नका. तुमच्या घरात माइटचा साठा तिच्याकडेच असण्याची शक्यता मी सर्वांत जास्त धरतो. एकाच दिवशी, कुत्र्याला कुत्र्याचं आणि मांजरीला मांजरीचं औषध, वजनानुसार. घरात फेरेट किंवा आणखी कुत्री-मांजरं असतील तर तीही यात आली. अंथरुणं 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा, गालिचा आणि कोपरे झाडून घ्या. प्राण्याच्या अंगाबाहेर माइट काही दिवस तग धरतो, पण तिथे त्याची वाढ होत नाही. घरभर कीटकनाशक फवारण्याची गरज नाही, ते मुलांना आणि मांजरीला जास्त बाधेल.

मुलांचं म्हणाल तर, क्वचित कुत्र्याला कुशीत घेऊन झोपणाऱ्याच्या हातावर किंवा पोटावर खाजरे बारीक पुरळ उठतात आणि जनावर बरं झालं की आपोआप जातात. माणसाच्या कानात हा माइट सहसा वस्ती करत नाही. अमेरिकेतले पशुवैद्यक रॉबर्ट लोपेझ यांनी मात्र मांजराच्या कानातले माइट मुद्दाम स्वतःच्या कानात घालून घेतले आणि 1993 मध्ये तो अनुभव पशुवैद्यकांच्या नियतकालिकात लिहिला. आत ओरखडण्याचे, सरकण्याचे आवाज येत, खाज असह्य होई, आणि माइट रात्री जास्त वळवळत म्हणून झोप लागत नसे, असं त्यांनी नोंदवलं. त्यांचे माइट काही आठवड्यांत आपोआप संपले. तुमचं पिल्लू रात्री उठून कान का घासतं, हे मला त्या वर्णनावरून फार नेमकं कळतं.

पहिल्या मात्रेनंतर खाज तीन-चार दिवसांत बरीच उतरायला हवी, पण काळा मळ त्यानंतरही दोनेक आठवडे निघत राहतो. तो जुना साठा असतो, घाबरू नका. चार आठवड्यांनी दोन्ही जनावरांचे कान पुन्हा काचपट्टीवर तपासून घ्या, खाज थांबली असली तरी. तेव्हा माइट किंवा अंडी दिसली तर दोनच शक्यता असतात: एखाद्या जनावरावर औषध नीट लागलं नाही, किंवा बाहेरून नवीन माइट येत आहेत. मांजर बाहेर फिरत असेल तर दुसरी जास्त संभवते, आणि तिच्यासाठी सेलामेक्टिनसारखं औषध दर महिन्याला चालू ठेवणं हाच उपाय आहे. त्याने पिसवांचाही बंदोबस्त होतो. आणि माइट नाहीत, तरी कुत्रा खाजवतोच आहे, असं निघालं तर माइटचं औषध तिसऱ्यांदा देऊ नका. त्या भेटीत डॉक्टरांशी अ‍ॅलर्जीबद्दल बोला, आणि तो पंजे चाटतो का, कधीपासून, वर्षाच्या कोणत्या दिवसांत, हे आठवून लिहून न्या.